हान्स हेअरच्या घराला जंग्या नाहीत

न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियातल्या मराठी ग्रुपांवर लँकेस्टरच्या सहलीचा विषय निघाला की उभट छपराच्या एका दगडी घराचा फोटो येतो. खाली मजकूर: ‘आमिश पुढारी हान्स हेअर यांनी अमेरिकेत पाय ठेवताच स्वतःच्या हातांनी बांधलेला किल्लेवजा वाडा. बारीक खिडक्या रेड इंडियनांवर बंदुका रोखण्यासाठी.’

घर जुनं आहे हे खरं. १७१९ चं, लँकेस्टर काउंटीत आज उभ्या असलेल्या घरांत सर्वांत जुनं. बाकी मजकुरात शब्दागणिक गडबड आहे.

हेअर मंडळी आमिश नव्हती, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची होती. १६९३ मध्ये याकोब अम्मान या पंथातून वेगळे झाले, त्यांचे अनुयायी ते आमिश. हेअर कुटुंब दुसऱ्या गटातलं. स्वित्झर्लंडमध्ये धर्मासाठी छळ झाला म्हणून हे लोक जर्मन मुलखात आले आणि तिथून १७१० मध्ये पेनसिल्व्हेनियात.

म्हणजे ‘पाय ठेवताच’ही गेलं. मधली नऊ वर्षं जंगल तोडण्यात आणि शेती बसवण्यात गेली. दगडी घर ही जम बसल्यावरची गोष्ट. त्या भागात पुढेही कितीतरी वर्षं बहुतेकांची घरं लाकडी ओंडक्यांचीच होती. आणि बांधलं मुलाने, क्रिश्चनने. दारावरच्या दगडात १७ आणि १९ या आकड्यांच्या मध्ये त्याच्या नावाची अक्षरं कोरलेली आहेत. हान्स तेव्हा ऐंशीच्या घरात होते. त्यांना या वयात दगड वाहायला लावायची हौस मेसेजवाल्यालाच.

आता खिडक्या. आपल्याला किल्ल्यांची सवय, त्यामुळे जाड भिंतीत अरुंद फट दिसली की जंग्या, म्हणजे बंदुका रोखायच्या फटी, आठवतात. पण काच महाग आणि हिवाळा कडक असेल तर कोणीही खिडकी लहानच ठेवील. अशा जर्मन घरांच्या तळघराला ज्या फटी असतात त्या उजेड-वाऱ्यासाठी, कारण तिथे कंदमुळं आणि पिंपं साठवायची. घराची खरी करामत आत आहे. मधोमध एकच मोठं धुराडं, त्याच्या एका अंगाला स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला बैठकीची खोली. अशा घरांत बैठकीतल्या शेगडीचं तोंड भिंतीतून स्वयंपाकघरात उघडायचं. निखारे तिकडून सरकवायचे, ऊब इकडे यायची, धूर नाही. याच खोलीत पंथाची प्रार्थनासभा भरायची.

शिवाय मेनोनाइटांना माणसावर शस्त्र उचलणंच निषिद्ध! १७५५ नंतर सरहद्दीवर हल्ले सुरू झाले तेव्हा काही जर्मन शेतकऱ्यांच्या दगडी घरांत लोकांनी आसरा घेतला, हे खरंय. पण १७१९ मध्ये इथे तसलं काही नव्हतं. जवळच राहणाऱ्या कोनेस्टोगा या मूळ रहिवाशांशी पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेनने १७०१ मध्येच तह केला होता.

तो तह मोडला गोऱ्यांनी. डिसेंबर १७६३ मध्ये ‘पॅक्स्टन बॉइज’ म्हणवणाऱ्या टोळीने आधी कोनेस्टोगांच्या वस्तीत सहा जणांना मारलं. उरलेल्या चौदा जणांना सरकारने संरक्षणासाठी लँकेस्टर गावात आणून ठेवलं होतं. दोन आठवड्यांनी टोळीने तिथे घुसून बायकापोरांसकट सगळ्यांना कापलं. २०१३ मध्ये हेअरच्या घराच्या आवारात मूळ रहिवाशांच्या लांबट सामाईक घराची प्रतिकृती उभारली गेली. फोटो काढणाऱ्यांनी कॅमेरा थोडा तिकडेही वळवायला हरकत नाही.