दादा, डिझेलच्या फडक्याला मी नावं का ठेवली ते सांगतो

दादा, ट्रकच्या पेंटची निगा कशी राखायची या माझ्या लेखावर एवढी सविस्तर कमेंट लिहिलीत त्याबद्दल आधी आभार, नाहीतर "फालतू लेख" एवढंच टाकून पुढे जाणारेच जास्त. ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की ट्रक ही कमवायची वस्तू आहे, मिरवायची नाही, मग तिच्या पेंटचे एवढे चोचले कशाला. तुमच्या वडिलांनी २२ वर्षं डिझेलचं फडकं मारून गाडी चकचकीत ठेवली आणि काही बिघडलं नाही. आणि मी एकीकडे "वर्षातून दोनदा पॉलिश करा" लिहितो, दुसरीकडे "पॉलिशने पेंट झिजतो" लिहितो, तर आधी माझं नक्की काय ते ठरवावं.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात आणि मी माती खाल्लीये. आपण बोलताना सगळ्यालाच पॉलिश म्हणतो ना, डबीतलं वॅक्स हाताने चोळलं तरी पॉलिश आणि मशीन लावून रबिंग कंपाऊंड फिरवलं तरी पॉलिश, पण ही दोन कामं एकमेकांच्या बरोब्बर उलटी आहेत. वॅक्सने पेंटवर एक पातळ थर चढतो, कंपाऊंडने असलेला थर खरवडून निघतो. मला वर्षातून दोनदा वॅक्स म्हणायचं होतं आणि लिहून बसलो पॉलिश. कोणी तो लेख वाचून वर्षातून दोनदा कंपाऊंड मारलं असतं तर काही वर्षांत क्लिअर कोटची, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराची, वाट लागली असती. लेखात दुरुस्ती केलीये.

आकडे सांगतो म्हणजे अंदाज येईल. कंपनीतून आलेल्या गाडीवर प्रायमर (पत्र्यावरचा पहिला थर), रंग, क्लिअर कोट सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडी असते, त्यातला क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉनच्या आसपास. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन. म्हणजे जो थर ऊन, पाऊस, धूळ, पक्ष्यांची शिट सगळं अंगावर घेतो तो केसापेक्षा बारीक आहे आणि जोरात कंपाऊंड मारलं की दरवेळी त्यातले काही मायक्रॉन जातात, ते परत येत नाहीत.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही, एक दरवाजा घालवून शिकलोय. गडद निळी मेटॅलिक केबिन होती, दरवाज्यावर मधोमध ती उभार रेघ असते ना, तिच्यावर मशीन दोन-तीन सेकंद जास्त थांबलं असेल. आधी निळ्यात दुधाळ डाग दिसला, मला वाटलं कंपाऊंड वाळलंय, ओल्या फडक्याने पुसला, जाईना, म्हणून शहाणपणा करून परत मशीन मारलं आणि नखाएवढा राखाडी प्रायमर वर आला. कडेवर आणि उभारावर पेंट मुळात पातळ बसतो आणि पॅडचा सगळा दाब तिथेच येतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. मेटॅलिकमध्ये छोटा पॅच मारला तर लांबूनही ओळखू येतो, त्यामुळे अख्खा दरवाजा पदरच्या पैशाने परत मारून दिला. तेव्हापासून मशीन हातात घ्यायच्या आधी सगळ्या कडांना मास्किंग टेप लावतो, पोरं हसतात, हसू देत.

(जाता जाता: फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर लगेच घाबरू नका. जुन्या साध्या रंगांवर, बॉडीवर बऱ्याचदा वेगळा क्लिअर कोट नसतोच, तिथे रंगच घासला जातो. पण क्लिअर कोट असलेल्या गाडीवर रंग उतरायला लागला तर हातातलं काम तिथेच थांबवा.)

आता डिझेल. तुमच्या वडिलांनी गाडी जपली यात मला अजिबात शंका नाही, आणि डिझेलने चमक येते हेही खरंच आहे. फक्त ती चमक कसली ते बघा. ओढ्यातला गोटा ओला असताना काळाभोर चमकतो आणि काठावर वाळला की पांढरट पडतो, तसंच आहे हे. उन्हाने पेंटचा वरचा भाग खडबडीत, भुरकट होतो, डिझेलचं तेल त्या खाचांत भरतं आणि पेंट ओला दिसतो. पेंट सुधारलेला नसतो, ओला असतो. आणि डिझेल पेट्रोलसारखं पटकन उडून जात नाही, चिकट राहतं, त्यावर रस्त्याची धूळ बसते, दुसऱ्या दिवशी सकाळी तीच धूळ आपण त्याच फडक्याने चोळतो, म्हणजे पॉलिश पेपर मारल्यासारखंच झालं. उन्हात बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात ते बहुतेक असल्याच पुसण्याचे असतात. वर दरवाज्याची रबरं डिझेलने फुगतात, सैल होतात आणि मग पावसात पाणी आत.

तरी एक गोष्ट मान्य करतो. तुमच्या वडिलांच्या गाडीला डिझेलने नसेल पण रोजच्या फडक्याने फायदा झालाच असणार, कारण रोज पुसणाऱ्याची नजर रोज अख्ख्या गाडीवरून फिरते. खडा कुठे उडाला, कुठे फोड आला, हे त्याला त्याच दिवशी कळतं. एकदा त्यांना विचारून बघा, त्या २२ वर्षांत केबिन किती वेळा रंगवली आणि खडा उडाला की ते काय करायचे. मला खरंच ऐकायला आवडेल.

आणि इथेच तुमचा चोचल्यांचा मुद्दा येतो. चमकेबद्दल मी तुमच्याच बाजूने आहे, ट्रकच्या दरवाज्यात तोंड दिसलंच पाहिजे असं काही नाही. पण पेंट मुळात पत्र्यासाठी असतो हो. केबिन सडते कुठे ते आठवा: पुढच्या काचेच्या रबराखाली, चाकावरच्या मडगार्डच्या आतल्या कडेला, पायरीच्या खाली, दरवाज्याच्या तळाला जिथे पाणी जायची भोकं चिखलाने बुजलेली असतात. तिथे कोणी पॉलिश मारत नाही कारण तिथे ते दिसत नाही. दोन मिनिटं काढून ती भोकं तारेने मोकळी केली तर आख्ख्या वर्षाच्या पॉलिशपेक्षा पत्रा जास्त टिकेल. खडा उडून पत्रा उघडा पडला असेल तर गंज बारीक पेपरने काढायचा, पुसून कोरडं करायचं, प्रायमरचा ठिपका, वाळला की रंगाचा ठिपका. वाईट दिसतं? दिसू दे. गंज मात्र पेंटखालून सरकत जातो आणि वरून फोड दिसेपर्यंत आत बरंच खाऊन झालेलं असतं.

सिरॅमिक कोटिंगबद्दल (पेंटवर लावलं की वाळून कडक होणारा पारदर्शक थर) तुम्ही टोमणा मारलाय की मी त्याची जाहिरात करतो. उलट आहे. कोटिंग चांगली गोष्ट आहे, पाणी टिकत नाही, चिखल सहज सुटतो, धुणं सोपं होतं, पण तो थर एक-दोन मायक्रॉनचा असतो. ते जे "नऊ एच कडक" म्हणून विकतात ती पेन्सिलने ओरखडून बघायची चाचणी आहे, नऊ एच म्हणजे त्यातली सगळ्यात कडक पेन्सिल. उडत्या खडीचा तिच्याशी काही संबंध नाही. खडी थांबवायची तर पीपीएफ, म्हणजे ती पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म, १५० ते २०० मायक्रॉन जाड, आणि तीसुद्धा अख्ख्या गाडीला नको, फक्त पुढच्या तोंडाला आणि चाकामागच्या पट्टीला लावली तरी पुरे.

धुण्याबद्दल एकच सांगतो कारण बाकी लेखात आहे. कोरडी धूळ पुसू नका, आधी पाणी मारून खडी खाली पाडा, मग शाम्पू, वरून खाली, आणि चाकांचं फडकं वेगळं ठेवा. लांब दांड्याचा ब्रश जमिनीवर पडला तर धुतल्याशिवाय परत केबिनवर नेऊ नका, ट्रकवर सगळ्यात जास्त ओरखडे याच ब्रशचे असतात. आणि अ‍ॅल्युमिनियमची डिझेल टाकी किंवा रिम असेल तर वॉशिंगवाला फवारतोय त्या पाण्यात ॲसिड किंवा कॉस्टिक आहे का ते आधी विचारा, एकदा ते पांढरट पडलं की घासत बसावं लागतं.

राहता राहिला तुमचा पुढचा पॅनल, जो मागच्याच आठवड्यात मारून घेतलाय म्हणालात. त्याला आत्ता वॅक्सही नको आणि कोटिंगही नको. कंपनीत पेंट भट्टीत चांगला भाजून निघतो, गॅरेजमध्ये मारलेल्या रंगातलं सॉल्व्हंट (थिनरसारखं उडून जाणारं द्रव) मात्र आठवडे-आठवडे हळूहळू बाहेर पडत असतं, वरून झाकण घातलंत तर ते आत कोंडतं आणि पेंट मऊ राहतो नाहीतर फोड येतात. किमान महिनाभर थांबा, पेंटच्या डब्यासोबत कागद आला असेल तर त्यातला दिवसांचा आकडा बघा, तो जास्त असेल तर तोच धरा. तोवर नुसतं पाणी आणि साधा शाम्पू, सावलीत उभी करून. आणि डिझेल तर त्यावर बिलकुल नको, निदान या पॅनलपुरतं तरी माझं ऐका.