ओडिनच्या बाजूने

यंदाच्या चवथीला फोंडा तालुक्यातील आमच्या मूळ घरी सगळे भाऊबंद जमले होते. आरत्या आणि जेवणे आटोपल्यावर मुलांनी बाहेरच्या खोलीत नॉर्स पुराणांतल्या थॉर या देवावरचे २०११, २०१३ आणि २०१७ सालचे तीन चित्रपट ओळीने लावले. पहाटे तिसरा संपला, तेव्हा महाविद्यालयात शिकणारा माझा पुतण्या म्हणाला, “काका, या सगळ्या गोष्टीत खरा खलनायक थॉरचा बाप ओडिनच आहे. मुलीला कोंडले, एका मुलाला हाकलले आणि दुसऱ्याला खोटे सांगून वाढवले.” बाकीच्या मुलांनीही माना डोलावल्या. त्या वेळी मला धड उत्तर देता आले नाही, पण ते वाक्य मनातून जात नाही, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

मुलांचा रोख प्रामुख्याने हेलाच्या, म्हणजे ओडिनने कोंडलेल्या मुलीच्या, प्रकरणावर होता आणि तो योग्यच होता, कारण ‘थॉर: रॅग्नारॉक’ या तिसऱ्या चित्रपटातील एका प्रसंगाने आधीच्या दोन्ही चित्रपटांचा अर्थ बदलून जातो. ओडिनचे राज्य असलेल्या ॲसगार्डच्या राजवाड्याच्या छतावर शांततेची आणि न्यायी राजाची चित्रे आहेत. परतलेली हेला ते छत फोडते, वरचा थर गळून पडतो आणि त्याच्या मागची जुनी चित्रे उघडी पडतात. त्यांत हाच ओडिन राज्यांमागून राज्ये जिंकत चालला आहे, त्याच्या शेजारी त्याची थोरली मुलगी आहे आणि तिच्या हातात म्योल्निर हा हातोडा आहे. हे सगळे सोने आले कुठून, असा तिचा रोकडा सवाल आहे.

आम्हा गोमंतकीयांना तो सवाल परका नाही. जुन्या गोव्यात सोन्याचा मुलामा दिलेल्या वेदींसमोर उभे राहिले, की ते वैभव डोळ्यांत भरते खरे, पण त्याच्या पायाशी काय गाडले गेले, हे आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. पोर्तुगीजांच्या काळात मंगेश कुठ्ठाळीहून आला आणि शांतादुर्गा केळशीहून आली. आमच्या तालुक्यातील कितीतरी देव मूळ गाव सोडून, नदी ओलांडून आलेले आहेत. त्यामुळे जिंकणाऱ्याची बाजू घेणे मला सोपे जात नाही. तरीही मी ओडिनची बाजू घेतो, आणि त्याचे कारण असे की तो थांबला. जिंकणारा सहसा आपणहून थांबत नाही. १५१० साली गोव्यात आलेली पोर्तुगीज सत्ता ४५१ वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, भारतीय सेनेने घालवली तेव्हा गेली. ओडिनला कोणी हरवले नव्हते. विजयाच्या ऐन भरात आता पुरे, असे ठरवणारा राजा मला इतिहासात फार थोड्या ठिकाणी भेटतो, आणि हे ठरवताना त्याला थांबायला तयार नसलेल्या आपल्या पोटच्या मुलीच्या विरोधात उभे राहावे लागले.

आता पहिल्या चित्रपटाकडे परत येऊ. राज्याभिषेकाच्या दिवशी विघ्न आले म्हणून संतापलेला थॉर वडिलांची आज्ञा मोडून योटनहाइम या शत्रूच्या राज्यावर चालून जातो. ओडिन स्वतः तिथे धावून जातो आणि आपल्या मुलाने काढलेली कुरापत मिटावी म्हणून शत्रूच्या राजासमोर समजुतीची भाषा बोलतो. परतल्यावर तो थॉरची शक्ती काढून घेतो आणि त्याला पृथ्वीवर फेकून देतो. पहिल्यांदा पाहताना हा मलाही एका तापट म्हाताऱ्याचा अतिरेक वाटला होता. हेला कळल्यानंतर मात्र तो प्रसंग तसा पाहता येत नाही. युद्धाच्या नुसत्या कल्पनेने डोळे चमकणारे अपत्य ओडिनने त्याआधी एकदा वाढवले होते, त्याच्या हाती हातोडा दिला होता आणि त्याचा परिणाम भोगला होता. २०११ साली पटकथा लिहिणाऱ्यांच्या डोक्यात हेला असेल, असा माझा दावा नाही. पण तिन्ही चित्रपट आज जसे आपल्यासमोर आहेत, त्यांतून हाच अर्थ निघतो.

त्याहून महत्त्वाचा आहे तो हातोडा. मुलाला फेकून दिल्यावर ओडिन म्योल्निर ओठांशी नेतो आणि हलक्या आवाजात त्याला अट घालतो, की यापुढे जो पात्र असेल त्यालाच ही शक्ती मिळेल. छतावरच्या जुन्या चित्रात हेला तो हातोडा सहज पेलताना दिसते, म्हणजे त्या काळी पात्रतेचा प्रश्नच कोणी विचारला नव्हता. ज्या शस्त्राने साम्राज्य उभे राहिले, त्याच शस्त्राला ओडिनने आपल्या हाताने कुलूप घातले आणि किल्ली स्वतःच्या मुलालाही दिली नाही. धृतराष्ट्राला हे आयुष्यभर जमले नाही. दुर्योधनाला एकदा जरी त्याने असे दाराबाहेर काढले असते, तर कुरुक्षेत्र टळले असते.

लोकी या दुसऱ्या मुलाच्या बाबतीत ओडिनचा अपराध मी नाकारत नाही. योटनहाइमचा राजा लॉफी याने टाकून दिलेले, मरणाच्या वाटेवर असलेले मूल त्याने उचलले, हे त्याचे पुण्य. आणि ते मूल मोठे होईपर्यंत त्याला त्याचा जन्म सांगितला नाही, हे त्याचे पाप. कुंतीनेही हेच केले होते आणि कर्णाला सत्य कळले, तेव्हा फार उशीर झाला होता. ओडिन सांगायला लागतो तेही लोकीने जाब विचारल्यावर, आणि सांगता सांगता पायरीवरच कोसळून दीर्घ निद्रेत जातो. दोन राज्यांत या मुलामुळे कायमचा सलोखा होईल अशी आशा होती, हे त्याचे बोलणे ऐकून अनेक जण म्हणतात, की लोकी म्हणजे त्याच्या पटावरचे एक प्यादे होते. मला ते पटत नाही. मुलाकडून राज्याचे भले व्हावे, अशी अपेक्षा राजाने ठेवणे आणि त्या मुलावर जीव असणे, या दोन गोष्टी एकाच छातीत राहू शकतात.

मराठी प्रेक्षकाला तर हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये. वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ हे नाटक १९६२ साली गोवा हिंदू असोसिएशननेच रंगभूमीवर आणले, आणि गोव्यातल्या गावोगावच्या जत्रांत ते आजवर कितीदा झाले असेल, याची गणतीच नाही. आमच्या गावच्या मंडपात मी एकदा त्यातला संभाजी केला होता. महाराजांचे काम करणारे गुरुजी तालमीत मला म्हणाले होते, “तुला वाटते बाप तुझ्याशी बोलत नाही. मला मात्र बोलायला मोकळा वेळच मिळत नाही, आणि मिळतो तेव्हा समोर तू नसतोस, युवराज असतो.” महाराजांची तुलना मी ओडिनशी करीत नाही, तसे करणे गैर होईल. परंतु सिंहासनावरचा बाप कसा पाहावा, हे मला त्या तालमींनी शिकवले.

दुसऱ्या चित्रपटातील ओडिनची बाजू मात्र मलाही घेता येत नाही. राणी फ्रिगाच्या मृत्यूनंतर शेवटचा माणूस पडेपर्यंत लढण्याची भाषा तो करतो, तेव्हा जुना विजेता पुन्हा बोलू लागतो आणि थॉर त्याला अडवतो तेच बरोबर असते. हेलाचे नाव इतिहासातून पुसून टाकणे, हाही अक्षम्य गुन्हा होता. तिला कोंडणे कदाचित भाग होते, पण तिच्याविषयी मुलांना काहीच न सांगणे आणि स्वतःच्या हातावरचे रक्त रंगाखाली झाकणे यांमुळे पुढे सगळ्या ॲसगार्डचा घात झाला.

तरीही त्याचा शेवट पाहा. लोकीने मंत्राने भारून त्याला न्यूयॉर्कमधल्या वृद्धाश्रमात ठेवले होते आणि त्याच्याच रूपात सिंहासन बळकावले होते. नॉर्वेच्या कड्यावर समुद्राकडे पाहत बसलेला ओडिन या मुलाला एक शब्दही लावून बोलत नाही. तुझी जादू तोडायला मला वेळ लागला, फ्रिगाला तुझा अभिमान वाटला असता, एवढेच तो म्हणतो. मग तो दोघांनाही जवळ बसवून हेलाची गोष्ट सांगतो. ती फार उशिरा सांगितली जाते हे खरे, पण ती तो स्वतः सांगतो, स्वतःचा दोष न लपवता सांगतो, आणि माझे तुमच्यावर प्रेम आहे असे दोघांनाही म्हणून सोनेरी धूळ होऊन जातो. ओडिनचे काम करणारे सर अँथनी हॉपकिन्स यांनी तो प्रसंग इतक्या हळुवारपणे केला आहे, की मला तो दर वेळी जड जातो.

पुतण्याला मी फोनवर एवढेच सांगितले आहे, की पुढच्या चवथीला पहिला चित्रपट पुन्हा लावूया, आणि ओडिन हातोडा ओठांशी नेतो तिथे सगळ्यांनी जरा गप्प बसायचे, कारण तो फार हळू बोलतो.