'ख्रिस्ती देश वाचवा' या मेसेजला माझं उत्तर

गेल्या रविवारी चर्चमधली भक्ती सुटल्यावर आवारात चहा घेत उभा होतो. मंडळीतले एक काका आले, "जय ख्रिस्त, हे वाच जरा," म्हणाले आणि मोबाईल पुढे केला. तोच मेसेज. महिनाभरात चार ग्रुपवरून माझ्याकडे आलेला. त्यात थोडक्यात असं आहे : अमेरिका आणि युरोप ही ख्रिस्ती राष्ट्रं, बाहेरून येणारे दुसऱ्या धर्माचे लोंढे ती बुडवतायत. सीमा देवानेच आखल्या, बायबलमधल्या नहेम्याने यरुशलेमभोवती भिंत बांधली, प्रेषित पौलाने सरकारचं ऐकायला सांगितलं, शास्त्र म्हणतं आधी घरच्यांचं बघा. म्हणून खऱ्या विश्वासणाऱ्याने परक्यांना हाकलणाऱ्या सरकारच्या पाठीशी उभं राहावं. शेवटी, आमेन लिहून दहा जणांना पाठवा.

मी आमेन लिहिलं नाही. का, ते काकांना तिथे उभ्याउभ्या नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

सीमांसाठी मेसेजवाल्याने प्रेषितांची कृत्ये १७:२६ मधलं अर्धंच वाक्य उचललंय. पौल हे अथेन्समध्ये बोलतो. आपण याच मातीतून उगवलो, बाकीचे मागून आले, असा त्या शहराला मोठा अभिमान होता. त्या लोकांसमोर उभं राहून पौल सांगतो की देवाने एकापासूनच सगळी राष्ट्रं निर्माण केली. वाक्याची सुरुवात ती आहे. सीमांचा उल्लेख त्यानंतर येतो, आणि पुढच्याच वचनात त्याचं कारणही दिलंय : लोकांनी देवाचा शोध करावा म्हणून. कुणाला बाहेर ठेवावं, याबद्दल तिथे अक्षर नाही.

नहेम्याची भिंत ही बंदिवासातून परतलेल्या लोकांनी आपल्या पडक्या शहराभोवती घातलेली भिंत. त्याच पुस्तकाच्या १३ व्या अध्यायात मवाबासारख्या परक्या मुलखांतल्या बायकांबद्दल कडक शब्द आहेत, ते मी लपवत नाही. पण रूथही मवाबीच होती. बेथलेहेमच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागे फिरून पडलेली कणसं वेचणारी परकी विधवा. मत्तयाने पहिल्याच अध्यायात तिचं नाव येशूच्या वंशावळीत लिहिलंय.

'आधी घरचे' हा मुद्दा लोकांना सगळ्यात जास्त पटतो, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. १ तीमथ्य ५:८ हे वचन विधवांच्या अध्यायात आहे. घरातल्या म्हातारीला मंडळीच्या गळ्यात टाकून मोकळे होणाऱ्यांना पौल तिथे झापतोय. परक्याला दार लावा, असं तो कुठेच म्हणत नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी हीच उतरंड ख्रिस्ती शिकवण म्हणून मांडली : आधी कुटुंब, मग शेजारी, मग देशबांधव, मग उरलेलं जग. १० फेब्रुवारीला पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकेतल्या बिशपांना पत्र लिहिलं आणि येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीची आठवण करून दिली. आम्ही प्रोटेस्टंट, पोपचं सगळंच मानतो असं नाही. पण ही गोष्ट ज्यात आहे तो लूकचा दहावा अध्याय दोघांचाही आहे. 'माझा शेजारी कोण?' हा प्रश्न येशूला यादी आखून घेण्यासाठीच विचारला होता. त्याने यादी दिली नाही. यहुदी ज्यांचा विटाळ मानायचे त्या शोमरोनी जमातीचा माणूस वाटेत पडलेल्या जखमीच्या जखमा बांधताना दाखवला.

माझे आजोबा दुष्काळात नगरकडून सोलापूरला गिरणीच्या आशेने आले. पहिले दोन महिने ते पूर्व भागात एका तेलुगू विणकराच्या ओट्यावर झोपले. भाषा वेगळी, धर्म वेगळा. त्या घरची बाई रोज रात्री एक विरलेली चादर आणि पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवायची, एवढंच आजोबा सांगायचे, आणि दर वेळी त्यांचा आवाज बदलायचा. ती बाई तरी कुठली? पद्मशाली विणकर आले तेलंगणातून, म्हणजे निजामाच्या मुलखातून, सरहद्द ओलांडून. सोलापूर ज्या चादरीसाठी जगात ओळखलं जातं, तिच्यात त्या बाहेरून आलेल्यांचे हात आहेत. त्या काळच्या सरहद्दी आजच्या पासपोर्ट-व्हिसासारख्या नव्हत्या, हे मलाही कळतं. पण 'बाहेरचे आले की शहर बुडतं' हे सोलापूरकराने तरी म्हणू नये.

आता रोमकरांस १३, म्हणजे सरकारचं ऐका हे पौलाचं सांगणं. सरकारला सीमा राखण्याचा, कोण आलं-गेलं याची नोंद ठेवण्याचा अधिकार आहे, हे मला मान्य आहे. पण जून २०१८ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी हाच अध्याय पुढे केला, तोही कधी, तर सीमेवर आईबापांपासून लेकरं तोडली जात होती तेव्हा. पौलाच्या मूळ पत्रात अध्यायांचे आकडे नव्हते. सलग वाचलं तर जरा आधी, १२:१३ मध्ये, तो पाहुणचार करा म्हणतो, आणि त्यासाठीच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ परक्यावरचं प्रेम असा होतो. जरा पुढे, १३:१० मध्ये, प्रीती शेजाऱ्याचं वाईट करत नाही, असं आहे. आणि कायदा म्हणजे शेवटचा शब्द असेल तर १२ जानेवारी १९३१ चं काय? मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या सोलापूरच्या चार स्वातंत्र्यसैनिकांना फाशी झाली ती ब्रिटिश सरकारच्या कायद्यानेच. त्या चौघांच्या पुतळ्यांपुढे आपणही हात जोडतो ना?

येणारे सगळे दुसऱ्या धर्माचे, हे तर सरळ खोटं आहे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी आणि इव्हँजेलिकल संस्थांनी मिळून एक अहवाल काढला. हद्दपारीची टांगती तलवार असलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक ख्रिस्ती आहेत, असं त्यात म्हटलंय. ख्रिस्ती देश वाचवायचा म्हणून काढणार कुणाला, तर ख्रिस्ती माणसांनाच. आणि ते ख्रिस्ती नसते तरी माझं म्हणणं तेच राहिलं असतं. मत्तय २५ मध्ये प्रभू 'मी परका होतो' एवढंच म्हणतो. त्या परक्याचा धर्म कोणता, हे तिथे सांगितलेलं नाही.

सगळ्यात जास्त मला टोचतं ते 'ख्रिस्ती राष्ट्र'. रोमी सुभेदार पिलातासमोर येशूने सांगितलं की माझं राज्य या जगाचं नाही. जर्मनीत १९३३ नंतर, हिटलरच्या राजवटीत, चर्चमधल्याच एका गटाने राष्ट्र आणि विश्वास एक करून टाकले, यहुदी रक्ताचे पाळक काढायला निघाले. त्यांना विरोध करणाऱ्यांनी मे १९३४ मध्ये बार्मेन इथे जाहीरनामा काढला : मंडळीचा प्रभू ख्रिस्त आहे, दुसरा कुणी पुढारी नाही. त्या बाजूचे पाळक डीट्रिख बोनहोफर यांना ९ एप्रिल १९४५ ला फाशी दिली गेली.

काका, आपल्याला इथे काय ऐकावं लागतं? 'तुम्ही मिशनऱ्यांचे, तुमचा धर्म बाहेरचा.' तेव्हा आपण पोटतिडकीने सांगतो की पंडिता रमाबाई १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात प्रतिनिधी होत्या, की ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं देशप्रेम कुणापेक्षा कमी नव्हतं, की माणसाचा देश त्याच्या धर्मावरून ठरत नाही. हेच वाक्य समुद्रापलीकडे गेल्यावर खोटं कसं होईल? तिथे एका धर्माचा देश चालतो म्हणालो, तर इथे कुठल्या तोंडाने नको म्हणायचं?

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यांच्या हातात बेड्या होत्या, पाय साखळीने बांधलेले होते. त्या रात्री काकांनी डॅलसच्या नातवाला तीन वेळा फोन लावला होता. नातवाचा व्हिसा पक्का आहे, कागद चोख आहेत, तरीही. हे त्यांनीच मला सांगितलंय.

येत्या रविवारी मी लेवीय १९:३४ वर खूण घालून बायबल नेणार आहे. तुमच्यात राहणाऱ्या परक्याला आपल्यातलाच समजा, त्याच्यावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण मिसर देशात तुम्हीही उपरे होता, असं तिथे आहे. काकांचा चष्मा जुना झालाय, बारीक अक्षर दिसत नाही. मी वाचेन, ते ऐकतील.