"बायका मागे राहतात तो त्यांचाच चॉईस" म्हणणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसच्या ग्रुपवर, सगळीकडे एकच मेसेज फिरतोय. म्हणे ऑफिसात आता भेदभाव उरलेलाच नाही, समान पगाराचा कायदा आहे, बायकांना बाळंतपणाची सहा महिने फुकट सुट्टी मिळते, पॉशच्या, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याच्या, नावाखाली पुरुषांना घाबरवतात, आणि एवढं करूनही बायका मागे राहिल्या तर तो त्यांचा चॉईस. हिंजवडीत इतकी वर्षं नोकरी केल्यावर हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी पगार. समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच आला, नोव्हेंबर २०२५ पासून तीच हमी वेतन संहितेत आहे, मान्य. पण ती सारख्या कामाला लागू होते आणि काम सारखं ठरूच नये याची सोय आधीच झालेली असते, म्हणजे तिचं डेझिग्नेशन एक पायरी खाली आणि नवीन ऑफर जुन्या सीटीसीवर, म्हणजे वर्षाच्या एकूण पगारावर, टक्के वाढवून, त्यामुळे एकदा कमी मिळालं की पुढच्या प्रत्येक कंपनीत ते कमीच राहतं.

आता तो चॉईस. सरकारच्याच २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. संध्याकाळी साडेसातला क्लायंट कॉल लावायचा, वाकडच्या ट्रॅफिकमधून घरी पोचायला नऊ वाजणार, पाळणाघर सातला बंद, आणि मग अप्रेझलमध्ये लिहायचं की हिच्यात ओनरशिप, म्हणजे जबाबदारी घेण्याची वृत्ती, कमी आहे! त्याच टीममधला बाप कॉलला बसतो कारण त्याच्या घरी कोणीतरी पोराला आणलेलं असतं. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनीही हेच दाखवलंय, आज एकाच पेशातल्या बाईपुरुषांच्या कमाईत जी तफावत आहे तिचा मोठा भाग पहिल्या मुलानंतर सुरू होतो.

सुट्टी फुकट नाहीये. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ती १२ आठवड्यांची २६ झाली, चांगलंच झालं, पण ईएसआय या सरकारी कामगार विमा योजनेत नसलेल्या बाईचा त्या काळातला पगार पूर्ण कंपनीने द्यायचा, सरकार त्यात वाटा उचलत नाही. मग इंटरव्ह्यूत "लग्नाचं काय ठरलंय?" विचारलं जातं ते उगाच नाही. आणि खाजगी नोकरीतल्या बापाला सुट्टी द्यायलाच हवी असा देशभराचा कायदा नाही, म्हणजे मूल दोघांचं असलं तरी खर्चिक उमेदवार फक्त ती. माझ्या आधीच्या कंपनीत सुट्टीवरून परत आलेल्या मुलीला सपोर्ट प्रोजेक्टवर टाकलं आणि रेटिंगही खाली आणलं, कारण काय तर वर्षभर दिसली नाही. मला त्याचा आजही राग येतो.

राहिलं पॉश. २०१३ च्या त्या कायद्यात मुद्दाम केलेल्या खोट्या तक्रारीवर कारवाईची तरतूद आहे, कलम १४, मेसेज लिहिणाऱ्याने ते वाचलेलं दिसत नाही. उलट तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यायची, तीही रोज ज्याच्यासोबत बसायचं त्याच्याविरुद्ध, यातच कितीतरी जणी माघार घेतात. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानात, क्लिनिकमध्ये, किंवा घरकाम करणाऱ्या ताईंसाठी तक्रार घ्यायला जिल्ह्याची स्थानिक समिती असते, पण ती आहे हेच त्यांना कोणी सांगत नाही. मेसेज पुढे ढकलण्याआधी तुमच्या ऑफिसात या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीच्या नेमणुकीचा आदेश कुठे लावलाय ते एकदा शोधून बघा, तो दिसेल असा लावणं कायद्याने बंधनकारक आहे.