व्हॉट्सॲप गटावर ॲडमिनचा अंकुश किती असावा? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कॉलनीच्या व्हॉट्सॲप गटाला लेखी नियम असावेत आणि अपमानास्पद मजकूर ॲडमिनने काढावा, असे मी मागील लेखात सुचवले होते. त्यावर आपला आक्षेप असा, की सुजाण माणसांवर पहारा बसवणे हाच त्यांचा अपमान आहे. कायदा मोडला तर पोलीस आहेत, आणि मोडला नसेल तर ज्याला रुचत नाही त्याने दुर्लक्ष करावे.

कायद्याचा मुद्दा आधी घेतो. २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात ऑनलाइन आक्षेपार्ह संदेश पाठवणे गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने चर्चा, मताचा पुरस्कार आणि चिथावणी यांत फरक केला आणि पहिल्या दोन गोष्टी कितीही अप्रिय असल्या तरी त्यांना संरक्षण दिले. तो निकाल मला मनापासून पटतो. परंतु त्याने हात बांधले ते सरकारचे. शासनाने कुणाला तुरुंगात टाकू नये, एवढ्यावरून शेजाऱ्यांनी एकमेकांना वाटेल ते बोलावे असे निघत नाही.

आता दुर्लक्ष करण्याविषयी. आपल्या इंदूरमधील निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा ही सुमारे साडेअकरा किलोमीटरची बीआरटीएस, म्हणजे केवळ बससाठी राखीव मार्गिका हटवण्यास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये परवानगी दिली, तेव्हा आमच्या गटावर मोठा वाद झाला. त्या मार्गिकेवरच्या आयबस या बसने रोज नोकरीला जाणाऱ्या एका ताईंनी, स्वतंत्र मार्गिकेमुळे संध्याकाळच्या गर्दीतही आपण वेळेवर घरी पोहोचतो, असे लिहिले. त्यावर उत्तर आले, ‘गाडी घ्यायची ऐपत नाही म्हणून सगळ्या शहराला अडवून धरणार का?’ खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यानंतर ताईंनी त्या विषयावर काही लिहिले नाही, बसने जाणाऱ्या इतर कुणीही लिहिले नाही, आणि लवकरच ‘गट एकमताने बीआरटीएसच्या विरोधात आहे’ असे जाहीर झाले. आपण जिला मोकळी चर्चा म्हणता तिच्यातून एक अख्खी बाजू बाहेर पडली होती, तीही ॲडमिनने एक शब्द न हटवता.

म्हणून ‘मार्गिका आजच उखडा’ हे वाक्य कितीही तिखट असले तरी राहावे, आणि ऐपतीचे वाक्य जावे, असे माझे मत आहे. याहून अधिक अंकुश मलाही नको. तंटा दिसताच ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ ही सोय लावून टाकणारे गट मी पाहिले आहेत. त्यात दुखावणारा आणि दुखावलेला दोघेही गप्प होतात, आणि मूळ प्रश्न तसाच राहतो.

आपला एक संशय मात्र रास्त आहे. ॲडमिनने संदेश हटवला हे गटावर दिसते, का हटवला ते दिसत नाही, आणि मग ॲडमिनच्या बाजूचे संदेश राहिले, विरोधकांचे गेले, अशी शंका येणारच. त्यामुळे हटवणाऱ्याने त्याच ठिकाणी एका ओळीत कारण लिहावे, संदेश लिहिणाऱ्याला तोच मुद्दा सभ्य शब्दांत पुन्हा मांडण्यास सांगावे, आणि तक्रार आल्यास निर्णय दुसऱ्या ॲडमिनने तपासावा. तो त्या वादात शक्यतो विरुद्ध मताचा असावा. हा शेवटचा नियम माझ्या लेखात नव्हता. आपल्या आक्षेपामुळे तो सुचला, आणि येत्या बैठकीत मी तो कॉलनीपुढे ठेवणार आहे.