'रस्ता का खचला?' असं विचारू नका

खचलेल्या रस्त्याबद्दल नगरसेवकांना जाब विचारायचा कसा, असा प्रश्न एका लेखात वाचला. माहिती अधिकाराचा अर्ज टाका, पण 'रस्ता का खचला?' असं विचारू नका. 'का'चं उत्तर ही माहितीच नव्हे म्हणून अर्ज बहुधा फेटाळला जातो. कागद मागा: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, देयकं आणि मुख्य म्हणजे मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवलेली वही. खडीचा थर किती जाड दाखवलाय ते तिथेच सापडतं; मग रस्त्यावर टेप लावा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. पोचेवर आवक क्रमांक घ्याच, नाहीतर अर्ज 'मिळालाच नाही'. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याकडे दाद; बहुतेक जण इथेच ढेपाळतात. उशिरा दिलेली माहिती फुकट द्यावी लागते, झेरॉक्सचे पैसे भरू नका.