उत्तरं बघणं म्हणजे कॉपी का? एका प्रतिक्रियेला उत्तर

छोटी कोडी सोडवा आणि मग आपलं उत्तर दुसऱ्यांच्या उत्तरांशी ताडून बघा, असं मी नवशिक्या प्रोग्रामरसाठीच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पटींची बेरीज करा, उलटसुलट सारखा शब्द ओळखा, असली बाळबोध कोडी सोडवून कोणी प्रोग्रामर होत नाही. त्यात वर दुसऱ्यांची उत्तरं बघायला सांगणं म्हणजे कॉपीलाच अभ्यास म्हणणं. त्यापेक्षा नवशिक्याने सरळ एखादं ॲप बनवायला घ्यावं.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. उत्तर आधी बघितलं तर ती कॉपीच. दुसऱ्याचा कोड वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतं, आणि रिकामी फाइल उघडली की पहिली ओळ सुचत नाही. म्हणून आधी स्वतःचं उत्तर हवं. वेडंवाकडं, लांबलचक चालेल, पण चालणारं हवं. लेखात मी ‘तुलना करा’ एवढंच म्हटलं, कशी करायची ते लिहायचं राहिलं. ते इथे लिहितो, कारण तुमच्या आक्षेपाचं उत्तर त्यातच आहे.

‘प्रोजेक्ट ऑयलर’ या गणिती कोड्यांच्या वेबसाइटवरचं पहिलं कोडं घ्या: १००० पेक्षा लहान असलेल्या, ३ किंवा ५ ने भाग जाणाऱ्या सगळ्या संख्यांची बेरीज करा. उत्तर २,३३,१६८. कोणाचं २,६६,३३३ आलं, तर कोड न बघताही चूक सांगता येते. त्याने ३ च्या पटी आणि ५ च्या पटी वेगवेगळ्या जमवून बेरीज केली, त्यामुळे १५, ३०, ४५ या संख्या दोनदा धरल्या गेल्या. फरक ३३,१६५ आहे आणि १५ च्या पटींची बेरीज बरोब्बर तेवढीच येते. कोणाचं २,३४,१६८ आलं, तर त्याने १००० सुद्धा धरले. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेतली ‘रेंज’ (ओळीने संख्या देणारी सोय) शेवटची संख्या घेत नाही, म्हणून सावधगिरीने १००१ लिहिलं की हे होतं.

आता लूप लावून, म्हणजे एकेक संख्या तपासत जाऊन, बरोबर उत्तर काढलेल्या मुलीला दुसरं उत्तर दाखवा, ज्यात लूपच नाही. १ ते ३३३ ची बेरीज गुणिले ३, अधिक १ ते १९९ ची बेरीज गुणिले ५, वजा १ ते ६६ ची बेरीज गुणिले १५. तिच्या कोडमध्ये ‘किंवा’ हा एक शब्द जे काम निमूट करत होता, ते इथे वजाबाकी होऊन समोर उभं राहतं. मर्यादा १,००० कोटी केली की तिचा लूप रखडतो, हे सूत्र मात्र तेवढ्याच वेळात उत्तर देतं. यात उतरवून काय घेतलं? तिचं उत्तर आधीच बरोबर होतं.

उलटसुलट सारखा शब्द ओळखण्याचं कोडं तर मला फार महत्त्वाचं वाटतं. पायथॉनमध्ये शब्द उलटवायला चौकोनी कंसात दोन कोलन आणि उणे एक लिहिलं की झालं. दुसरा कोणी दोन्ही टोकांकडून एकेक अक्षर ताडून बघत मधे येतो. ‘सरस’ला दोघं हो म्हणतात, ‘कनक’लाही. मग ‘नवजीवन’ द्या. न, व, जी, व, न: वाचणाऱ्याला ते दोन्हीकडून सारखंच. पण दोन्ही प्रोग्राम नाही म्हणतात. कारण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत, मात्रा हा वेगळा तुकडा असतो आणि तो व्यंजनाच्या मागून येतो. पायथॉनला दिसतात सहा तुकडे: न, व, ज, दीर्घ ईची मात्रा, व, न. उलटे केले की ती मात्रा व ला जाऊन चिकटते आणि तयार होतं ‘नवीजवन’.

दोन उत्तरांचं एकमत झालं म्हणून ती बरोबर ठरत नाहीत, हे इथे डोळ्यांनी दिसतं. दुरुस्तीही नवशिक्याच्या आवाक्यातली आहे. पायथॉनसोबत तयार मिळणाऱ्या ‘युनिकोडडेटा’ मोड्यूलला प्रत्येक तुकड्याचा वर्ग विचारायचा, तो ‘एम’ने सुरू होत असेल तर तुकडा आधीच्या अक्षराला जोडायचा, आणि मग यादी उलटवायची. जागा काढून टाकल्या की ‘रामाला भाला मारा’ सुद्धा पास होतं. जोडाक्षरांसाठी आणखी एक नियम लागतो: आधीचा तुकडा हलंत (पाय मोडल्याची खूण) असेल तर पुढचं व्यंजनही त्यालाच जोडा.

हे बाळबोध वाटत असेल, तर तुमच्या ॲपमधला नावाचा रकाना बघा. ८ अक्षरांची मर्यादा घातली आणि कोणी ‘श्रीनिवास’ लिहिलं, तर पायथॉन ते ९ मोजतो आणि नाव अडतं.

म्हणून तुलनेचा क्रम असा ठेवा. अर्धा-पाऊण तास स्वतः झगडा. उत्तर चाललं की कागदावर पाच इनपुट लिहा: रिकामं, एकच घटक असलेलं, मर्यादेवरचं, सगळे घटक सारखे असलेलं, आणि एक देवनागरीतलं. मगच दुसऱ्यांची उत्तरं उघडा, तीही तीनच: एक आपल्यासारखं, एक आखूड, एक वेगळ्या रीतीचं. तिघांनाही तेच पाच इनपुट द्या आणि चालवण्याआधी कोण कुठे पडेल ते लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी सगळं बंद करून पुन्हा लिहा.

आखूड म्हणजे चांगलं, हा समज मात्र आधी काढायला हवा. यादीत पुन्हा आलेले आकडे शोधायला एका ओळीत लूप आणि आत ‘काउंट’ लिहिता येतं. दिसायला सुरेख! पण प्रत्येक आकड्यासाठी ‘काउंट’ अख्खी यादी चाळतो. १ लाख आकडे असले तर १,००० कोटी वेळा तपासणी. चार ओळींचं, ‘सेट’ (एक आकडा एकदाच ठेवणारा संग्रह) वापरणारं उत्तर यादीवरून एकदाच फिरतं.

ॲप जरूर बनवावं, पण वीस-पंचवीस कोडी झाल्यावर. ॲप बंद पडलं की चूक डेटाबेसमध्ये आहे, लायब्ररीच्या आवृत्तीत की आपल्या तर्कात, हे नवशिक्याला कळत नाही. पंधरा ओळींत चूक लपायला जागा नसते.

आणि तुम्ही ॲपपासूनच शिकवणार असाल, तरी त्यातलं एखादं फंक्शन कोडं म्हणून बाहेर काढा. मोबाइल नंबर तपासणारं घ्या, दोघांना वेगवेगळं लिहायला सांगा आणि एकमेकांचे इनपुट अदलाबदल करायला लावा. दोघांनीही ‘इझडिजिट’ (सगळे आकडेच आहेत का, ते सांगणारं) आणि दहाची लांबी एवढंच तपासलं, तर देवनागरी आकड्यांत लिहिलेला नंबर दोन्हीकडे पास होईल, कारण पायथॉन ‘९’लाही आकडाच मानतो. तो तसाच साठवला, की इंग्रजी आकड्यांत शोधताना सापडणार नाही.